न सापडलेला भुसा

सारिकाने लाकडावर नक्षी कोरायच्या राउटरचं पोट उघडलं आणि आत बॅटरीचा उजेड मारला. भुसा नव्हता. पंख्याची पाती लख्ख होती, हवेच्या जाळ्या मोकळ्या होत्या, मोटरचे कार्बन निम्म्याच्या वर शिल्लक होते. बेरिंग तर मागच्याच महिन्यात तिने स्वतः नवं घातलेलं. बोटाने फिरवून पाहिलं, तर कुठे अडेना की खरखरेना.

"सापडलं का काय?" धनाजीने दारातूनच विचारलं.

"काय न्हाई दादा. चकाचक हाय."

"मग ह्याच्या अंगात काय शिरलंय? सकाळधरनं लालच दाखवतंय. भुसा साचला, भुसा साचला! मशीनमदी साचलाय का त्या नाडीच्या डोक्यात?"

सारिका हसली, पण ओढूनताणून. भुसा नाही आणि नाडी भुसा म्हणतेय, हे कोडं तिला आजचं नव्हतं. दादाच्या राउटरने महिन्यापूर्वीही हेच केलं होतं. आणि खरं सांगायचं तर गल्लीतल्या आणखी काही मशीनांनीही.

नाडी म्हणजे रुपयाएवढी चकती. मशीनच्या पाठीवर चिकटवायची, मग ती दिवसभर एकच काम करते, ऐकते. मोटर फिरली की मशीनचं सगळं कवच बारीक थरथरतं, आणि ह्या थरथरीत मशीनची सगळी कुंडली असते. बेरिंग झिजलं की त्यात खरखर मिसळते. कार्बन संपत आले की ठिणग्यांची चुरचुर वाढते. आणि मोटरच्या कडेने लाकडाची बारीक पावडर थापली गेली की कवचाचा नादच बसतो. घरातली स्टीलची वाटी तळहातावर ठेवून चमच्याने वाजवून बघा, ठण्ण करते. तीच वाटी चार बोटांत आवळून वाजवा, नुसतं ठक्क. पावडर मशीनला आतून अशीच आवळते. मग हवा अडते, मोटर तापते, आणि एखाद्या दिवशी आतल्या आत भुसा पेट घेतो. असे दोन-चार कारखाने जळाल्यावर सरकारला जाग आली आणि कायदा आला. नाडीशिवाय हातातलं कुठलंही मशीन विकायचं नाही. नाडी लाल झाली की मशीन चालूच होणार नाही. परवान्याच्या मेकॅनिकने उघडून साफ करायचं, नाडीवर अंगठा ठेवून 'साफ झालं' म्हणून कळवायचं, मग ती महिनाभर गप्प बसते.

गडहिंग्लजच्या सुतार गल्लीत तो परवाना एकट्या सारिकाकडे होता. गल्ली तिला 'वैद्यीणबाई' म्हणून चिडवायची आणि मशीन लाल झालं की तिच्याच दारात धावत यायची.

"दाब की अंगठा," धनाजी म्हणाला. "साफ हाय म्हंतीस न्हवं? मग साफ झालं म्हणून कळीव आन् मोकळी हो. परवा वास्तुशांत हाय त्या आजऱ्याच्या काजूवाल्याची. दरवाजा उद्या संध्याकाळी बसला पायजे. वेलपत्ती निम्मी राहिलीया अजून."

"मागल्या महिन्यात दाबलाच हुता की. महिना सरला की परत लाल."

"मग परत दाब! तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझा बाप तुझाबी बापच हुता," सारिका म्हणाली. धनाजी हसला आणि तिच्या पाठीत धपाटा घालून आत गेला.

गेला खरा, पण अंगठा काही सारिकाच्याने नाडीवर टेकवेना. दादाला नाही म्हणणंही तिच्या जिवावर यायचं. नवऱ्याशी फाटल्यावर ती एक बॅग घेऊन माहेरी आली, तेव्हा गल्लीने तोंडाला येईल ते बोलून घेतलं. दादाने एका शब्दाने काही विचारलं नाही. वर्कशॉपच्या पुढच्या खोलीतली फळकुटं मागे हलवली, भिंतीला चुना मारला, आणि म्हणाला, "कागलच्या कारखान्यात मशीनं धरून उभी ऱ्हायलीस न्हवं? हितं दुरुस्त कर." त्या खोलीवरच ती आज ताठ मानेने जगत होती.

तेवढ्यात उज्ज्वला वहिनी चहा घेऊन आल्या. एरवी कप ठेवून लगेच जायच्या त्या, पण आज स्टूल ओढून बसल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या.

"सारिका, ह्यांचं काय तरी बिनसलंय गं. सकाळी शर्टाची बटनं मला लावायला लावत्यात. म्हंत्यात, घाई हाय. कसली घाई? परवा बघितलं चोरून. एक बटन लावायला बसले हुते, लागंना. शेवटी शर्टच फेकून दिला आन् बनियनवर गेले. आन् गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी फट पडत्यात, मेल्यागत."

 वाटी आणि बोटं. सारिकाच्या डोळ्यांपुढे नुसती ती वाटी यायला लागली. मशीनला आतून पावडर आवळते, तशी बाहेरून मूठ आवळत असेल तर? बोटांना जाण राहिली नाही की माणूस न कळत मूठ जास्त दाबतो. धरलंय की नाही हेच कळत नसतं, मग काय करणार? आणि मूठ दाबली की कवचाचा नाद बसणारच. नाडीला काय कळणार, की हे आवळणं आतलं की बाहेरचं?

पण छे! नाडी बनवणाऱ्या इतक्या मोठ्या कंपनीला हे सुचलं नसेल? तिने परवान्याच्या वेळी मिळालेलं पुस्तक उघडलं आणि तिला उत्तर मिळालं, नको होतं तसलं. नाडीला शिकवलं होतं मोठ्या कारखान्यांत. तिथे एकच मशीन तीन पाळ्यांत पाचपन्नास हातांतून फिरतं. हात बदलतात, मशीन तेच राहतं. त्यामुळे जे बदलतं ते हाताचं आणि जे कायम राहतं ते मशीनचं, असा नाडीचा सरळ हिशोब. हात आपोआप वजा होतो.

सुतार गल्लीत मशीनचा हात बदलतच नव्हता. इथे ज्याचं हत्यार त्याचाच हात, हा वाडवडिलांपासूनचा रिवाज. पटाशीला होता, रंध्याला होता, विजेची मशीनं आली तेव्हा त्यांनाही लागू झाला. दुसऱ्याने धरलं की हत्यार आपला हात विसरतं म्हणे. सख्खा भाऊ सख्ख्या भावाचा राउटर उचलत नसे. सारिकासुद्धा मशीन उघडायची, साफ करायची, जोडायची, पण दुरुस्तीनंतरची पहिली कळ मालकच दाबायचा. नाडीच्या लेखी ह्या गल्लीत हात आणि मशीन ही दोन नव्हतीच. हाताचं दुखणं ती बिनबोभाट मशीनच्या नावावर लिहीत होती.

खात्री करायला एकच वाट होती. सारिकाने राउटर जोडला आणि आतल्या शेडमध्ये गेली. धनाजी सागवानी फळीवर पेन्सिलीने वेल काढत बसला होता.

"दादा, तपासणीची मिनिटभराची सूट असती. तू धर आधी."

धनाजीने राउटर घेतला. पातं काढलेलं होतं, नुसतं मशीन घुमलं. नाडीचा दिवा क्षणभर पिवळा राहिला आणि लाल झाला.

"बघितलंस? मी काय सांगत हुतो!"

"आता हिकडं दे. मी धरती."

धनाजीने राउटर मागे घेतला. "खुळी का काय? माझं हत्यार हाय ते."

"दादा, दे."

"आपल्या आप्पांनी मरताना काय सांगितलं हुतं?"

"आप्पांच्या वक्ताला नाडी न्हवती. दे म्हणती न्हवं मी!"

एवढ्या चढ्या आवाजात ती दादाशी कधी बोलली नव्हती. दोघंही चपापले. धनाजीने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि कुणाला पोटचं पोर द्यावं तसा राउटर तिच्या हातात दिला.

सारिकाने दोन्ही मुठी पकडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखाद्या मशीनला लाल हो म्हणून विनवत होती. लाल हो बाबा. माझ्या हातातही लाल हो. म्हणजे दोष तुझ्यात आहे, दादाच्या हातात नाही. बोर्ड बदलीन, मोटर बदलीन, नवा राउटर घेऊन देईन. फक्त लाल हो. तिने कळ दाबली. मशीन घुमलं. पिवळा. पिवळा. अजून पिवळाच.

लाल!

"आला का न्हाई?" धनाजी मांडीवर थाप मारून ओरडला. "मशीनच फुटकं हाय! मी म्हंतोय सकाळधरनं!"

सारिकाला हसू आणि रडू बरोबरच आलं. ती मटकन लाकडाच्या ओंडक्यावर बसली.  देव पावला, एवढंच तिच्या मनात आलं. वहिनींना सांगायला हवं, बटणांचं काही नाही, वय झालंय नवऱ्याचं, दुसरं काय!

राउटर घेऊन ती आपल्या खोलीत आली. आता दोष शोधायचा. तिने परत पोट उघडलं, परत उजेड मारला. भुसा नव्हता. मोटर काढून पाहिली, नाडी काढून दुसरी लावली, तारा तपासल्या. सगळं ठणठणीत. आता तिची तर पंचाईतच झाली. दोष असेल तर दिसला पाहिजे. दोन माणसांच्या हातात लाल येतंय आणि आत काहीच नाही, असं कसं?

मग तिच्या मनात आलं, की तिसरं कोण धरेल? वहिनी? वहिनींनी जन्मात मशीन धरलेलं नाही, भिऊन मूठ आवळतील. गल्लीतलं कुणी तर हातच लावणार नाही. कुणीच धरलं नाही तर? माणसाचा हातच नको.

छताच्या आढ्याला जड मशीनं उचलायची साखळी होती. तिने सुती दोरीची झोळी करून राउटर साखळीला टांगला, असा की कवचाला कुठे काही दाबणार नाही. मूठ धरल्याशिवाय मशीन चालू होत नाही, म्हणून मुठीतल्या कळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मग अंगठ्याने तपासणीची सूट घेतली आणि भिंतीवरचं बटण टाकलं.

राउटर झोळीत एक हिसका खाऊन घुमायला लागला. त्याचा आवाज वेगळाच होता, मोकळा, खणखणीत. पिवळा दिवा लागला. सारिका श्वास धरून उभी राहिली.

हिरवा.

तिने बटण बंद केलं, परत टाकलं. हिरवा. परत. हिरवाच. मशीनमध्ये काडीचा दोष नव्हता. भुसाही नव्हता, झीजही नव्हती. दादाच्या हातात लाल, तिच्या हातात लाल, आणि कुणाच्याच हातात नसताना हिरवा.

म्हणजे दादाचा हात गेला होता. आणि तिचाही.

पटलं नाही तिला. मग एकेक आठवायला लागलं आणि पटत गेलं. कागलच्या कारखान्यात रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत सँडर छातीशी धरून उभं राहणं. सुट्टी झाली की तासभर हातांत मुंग्या. इथे आल्यावर रोजचा ग्राइंडर, तोही जुना, बिननाडीचा, कारण वैद्यीणबाईची नाडी बघणार कोण? हल्ली बारीक स्क्रू चिमटीतून निसटायचे, तर ती स्क्रूंना शिव्या घालायची. आणि गल्लीतल्या ज्यांच्या मशीनांत भुसा सापडला नव्हता, ते सगळे चेहरे तिच्यासमोर उभे राहिले. त्यांची मशीनं तिने अंगठा टेकवून गप्प केली होती. नाडी इतके दिवस माणसांसाठी बोंब मारत होती आणि इथे बेरिंगं बदलली जात होती.

ती भिंतीला टेकली. आणि त्याच वेळी आतल्या शेडमधून घर्रर्र आवाज आला.

राउटरचा नव्हे. राउटर इथे टांगलेला होता. हा आवाज तिने लहानपणापासून ऐकलेला होता. आप्पांचा जुना हँड कटर! बिननाडीचा, पात्यावरचं गार्ड काढून टाकलेला, कायद्याने कधीच भंगारात जायला हवा होता असा. दादाने तो पोत्याखाली दडवून ठेवलेला तिला माहीत होतं. राउटर नाही म्हणून वेलपत्ती अडली, तर तोवर फळीच्या कडा काढून घेऊ, असा विचार त्याने केला असणार. मशीन फुटकं आहे, हात चांगला आहे, हे त्याला आत्ताच तर तिने सिद्ध करून दिलं होतं.

सारिका धावली.

शेडच्या दारात ती थबकली. फळी दोन स्टुलांवर आडवी होती. धनाजी अर्धा पाठमोरा वाकला होता, उजव्या हातात कटर, डाव्या पंजाने फळी दाबून धरलेली. पातं पेन्सिलीच्या रेघेवरून पुढे सरकत होतं. आणि फळीच्या थरथरीने त्याचा डावा अंगठा हळूहळू घसरत होता. अंगठा रेघेवर आला होता. धनाजीची नजर पात्यावर होती. अंगठ्याची त्याला खबरच नव्हती. खबर द्यायची ती बोटांनी, आणि बोटं मुकी झाली होती.

हाक मारावी तर ह्या आवाजात ऐकू जाणार नाही. ऐकू गेलं तर तो दचकून वळणार. मागून हात लावणं तर दूरच, चालत्या कटरवरच्या माणसाला मागून शिवायचं नाही हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. मेन स्विच समोरच्या भिंतीला, प्लायवूडच्या थप्पीमागे. तिने थप्पी बघितली, पातं बघितलं. थप्पीवर पोट टेकवून ती आडवी झाली, हात लांबवला. बोटं खटक्यावर पोचली. पोचली असं दिसलं, बोटांना मात्र कळलं नाही. तिने डोळ्यांनी बघून, सगळ्या अंगाचा भार टाकून खटका खाली ओढला.

दिवे गेले. घरघर उतरत उतरत गेली. पातं लाकडात अडकून थांबलं.

"आयला! कुणी घालवली लाईट?" धनाजी गरजला. "सारिका? अगं ब्लेड अडकलं की! फळी चिरली म्हंजे? काजूवाला माझं डोस्कं फोडील!"

"दादा, अंगठा बघ."

"काय अंगठा?"

"खाली बघ आधी!"

धनाजीने खाली पाहिलं. अंगठा रेघेवर सपाट पडला होता आणि पातं त्याच्यापासून एका नखाच्या अंतरावर उभं होतं. त्याने हात मागे घेतला. चेहऱ्याचा रंग उतरला, पण तोंडाने म्हणाला, "ठावं हुतं मला. काढणारच हुतो."

"ठावं न्हवतं," सारिका म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "दादा, राउटर टांगून बघितला. नुसता, हाताबिगर. हिरवा येतोय. मशीन चांगलं हाय. आपलं हातच गेल्यात."

आवाज ऐकून उज्ज्वला वहिनी धावत आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"आपलं?" धनाजी म्हणाला.

"माझ्याबी हातात लालच आला न्हवं? मला वाटलं मशीन फुटकं. मशीन न्हाई दादा. मशीनच्या थरथरीनं बोटातल्या शिरा मरत्यात. येळेत थांबलं तर तितक्यावर थांबतंय. न्हाई थांबलं तर हातात काय धरलंय तेबी कळंना हुतंय."

"काय बी बोलू नगंस. त्या चकतीचं ऐकून मी धंदा बंद करू? माझ्या हाताला काय धाड भरलीया? अंधारात लाकूड चाचपून सांगतो मी, साग का शिसम!"

"मग सांगा की," वहिनी म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींनी कोनाड्यातला पॉलिश पेपरचा गठ्ठा काढला. "डोळं मिटा. कुठला नंबर ते सांगा. सुताराच्या पोराला तेवढं यायला पायजे."

धनाजी फिस्कन हसला. तरी डोळे मिटले आणि तळहात पुढे केला, खेळात सामील झाल्यासारखा. वहिनींनी एक तुकडा त्याच्या बोटांवर ठेवला. त्याने अंगठा फिरवला. परत फिरवला.

"बारीक हाय. दोनशेवीस."

 धनाजीने डोळे उघडले. तो साठ नंबर होता, नारळाच्या करवंटीसारखा खरखरीत. त्याने तुकडा उलटापालटा करून पाहिला आणि खाली टाकला.

"दमलोय आज. राच्च्याला झोप न्हाई. उद्या घ्या परीक्षा. वेलपत्ती झाल्याबिगर मी हालत न्हाई, सांगून ठेवतो. सारिका, जा, राउटर घिऊन ये आन् अंगठा दाब."

"न्हाई दाबणार."

"माझ्या जाग्यात बसून मला न्हाई म्हंतीस?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लागलं. वहिनी "अहो!" म्हणून पुढे झाल्या. सारिकाला ते लागलंच. ती ओंडक्यावर बसली, डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला.

"माझाबी बघा, वैनी. मग ठरवू कुणाचं खरं."

 दूर कुणाचा तरी रंधा चालला होता. ती वाट बघत राहिली. खरखरीत असेल की गुळगुळीत, ओळखता येईल की नाही. आपलंही चुकलं तर पुढे पोट कशावर भरायचं, तेही मनात येऊन गेलं. वेळ लागत होता.

"द्या की वैनी," ती म्हणाली. "ठेवा हातावर."

वहिनी म्हणाल्या, "ठेवलाय गं. कवाचाच."

सारिकाने डोळे उघडले. तिच्या चार बोटांवर पेपरचा तुकडा होता. 

धनाजी पुढे आला. त्याने तो तुकडा तिच्या बोटांवरून उचलला, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागला, थंडीत लहान पोराचे हात चोळतात तसा. स्वतःच्या हातांसाठी डॉक्टरची पायरी न चढणारा तो माणूस बहिणीच्या हातापुढे मात्र पार विरघळला.

"उज्ज्वला," तो मान वर न करता म्हणाला, "काजूवाल्याला फोन लाव. म्हणावं, दरवाजा मिळायचा न्हाई. आन् सकाळच्या गाडीनं मिरजेला निघायचं, मोठ्या दवाखान्यात. हिला दाखवायचं."

"आन् तुमास्नी?"

"हिला एकटीला भ्या वाटंल," धनाजी म्हणाला. "मीबी दाखवतो."